गब्बे : मेंढपाळांच्या तंबूतून दिवाणखान्यात

गालिचा म्हटला, की डोळ्यांपुढे उभे राहते ते इराणी गालिच्याचे राजेशाही रूप. मधोमध मोठे पदक, चार कोपऱ्यांत त्याचेच पडसाद, भोवती वेलबुट्टीचे पदरावर पदर असलेले काठ आणि त्यात बोट ठेवायलाही मोकळी जागा नाही अशी दाट नक्षी. काशान, इस्फहान, तब्रीझ, केरमान ही शहरे अशा गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहेत. परंतु त्याच इराणच्या नैर्ऋत्येकडील फार्स प्रांतात याच्या अगदी उलट जातीचा एक गालिचा विणला जातो. तो जाडजूड आणि केसाळ असतो. लाल, पिवळ्या किंवा निळ्या रंगाचे मोकळे मैदान आणि त्याच्या एखाद्या कोपऱ्यात दोन शेळ्या, एक झाड, एखादी घागरा घातलेली स्त्री, एवढीच त्यावरची नक्षी. पाहणाऱ्याला प्रश्न पडावा, की हे लहान मुलाचे चित्र आहे की एखाद्या आधुनिक चित्रकाराचे? या गालिच्याचे नाव आहे 'गब्बे'.

गेल्या चाळीसएक वर्षांत गब्बेने मेंढपाळांच्या तंबूतून युरोप-अमेरिकेतील दिवाणखान्यांपर्यंत मजल मारली. आपल्याकडील गालिच्यांच्या दुकानांतही 'गब्बे' या नावाने गालिचे विकले जातात. त्यांतील पुष्कळसे उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर पट्ट्यात तयार झालेले असतात. लोककला आणि आधुनिक रचना यांच्या मिलाफाचे उदाहरण म्हणून गब्बेकडे नेहमी बोट दाखविले जाते. हा मिलाफ घडला कसा, आणि त्यात विणणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

गाठीचा गालिचा म्हणजे काय?

आपली सतरंजी, पंजाची दरी किंवा धनगराचे घोंगडे ही सारी सपाट विणीची वस्त्रे. उभ्या धाग्यांचा ताणा आणि आडव्या धाग्यांचा बाणा एकमेकांत गुंफला, की वस्त्र तयार होते. गाठीच्या गालिच्यात यापुढे एक पायरी असते. विणकर ताण्याच्या दोन शेजारच्या धाग्यांभोवती लोकरीचा छोटा तुकडा गुंडाळून त्याची गाठ मारते आणि टोके पुढे मोकळी सोडते. अशी एक ओळ पूर्ण झाली, की आडवा धागा घालून तो पंजाने ठोकून बसविला जातो. मग पुढची ओळ. मोकळ्या सोडलेल्या या टोकांचीच मिळून गालिच्याची मऊ लव बनते. म्हणजे गालिच्यावरील रंगाचा प्रत्येक ठिपका ही हाताने मारलेली एक स्वतंत्र गाठ असते.

गाठींचे प्रमुख प्रकार दोन. दोन्ही धाग्यांना सारखा वेढा देणारी ती तुर्की किंवा सममित गाठ, आणि एका धाग्याला पूर्ण वेढा घालून दुसऱ्याच्या मागून निघणारी ती इराणी किंवा असममित गाठ. नावे देशांची असली, तरी वापर देशांच्या सीमा पाळत नाही. फार्समधील भटक्या टोळ्यांत दोन्ही गाठी आढळतात.

ही कला किती जुनी आहे, याचा एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना 1949 साली सैबेरियातील अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथील बर्फाने गोठलेल्या एका थडग्यात एक गालिचा सापडला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातील मानला जातो. सुमारे 183 बाय 200 सेंटिमीटरच्या या गालिच्यावर घोडेस्वारांची आणि हरणांची रांग आहे, आणि त्यात दर चौरस डेसिमीटरला सुमारे 3,600 गाठी आहेत. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याची सफाई पाहता, त्याआधीही ही कला दीर्घकाळ मुरलेली असली पाहिजे, हे उघड आहे.

गर्मसीर ते सर्दसीर

गब्बे विणणाऱ्यांत फार्स प्रांतातील कश्काई या टोळ्यांचे नाव अग्रभागी येते. लुरी टोळ्यांतही तो विणला जातो. कश्काई लोक तुर्की कुळातील भाषा बोलतात. शेळ्या-मेंढ्या घेऊन वर्षातून दोनदा स्थलांतर करणे, हे त्यांचे परंपरागत जीवन. हिवाळा इराणच्या आखाताकडील सखल, उबदार प्रदेशात आणि उन्हाळा झाग्रोस पर्वतातील थंड कुरणांत. या दोन मुलुखांना ते अनुक्रमे 'गर्मसीर' आणि 'सर्दसीर' म्हणतात. मराठी वाचकाला हे शब्द उलगडून सांगायला नकोत.

लोकर घरच्या मेंढ्यांची. कातरणी पुरुषांनी करायची आणि मागही त्यांनीच उभारायचा. सूत काढणे, रंग निवडणे, नक्षी ठरविणे आणि विणणे हे सारे काम स्त्रियांचे. माग शहरातल्यासारखा उभा आणि पक्का नसतो. तो जमिनीवर आडवा, मेखा ठोकून ताणलेला असतो. तळ हलविण्याची वेळ आली, की मेखा उपटायच्या, अर्धवट विणलेला गालिचा मागासकट गुंडाळायचा आणि जनावराच्या पाठीवर लादून पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. दर वेळी ताण थोडा निराळा बसतो. त्यामुळे जुन्या गब्बेची रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी नसते, कडा किंचित वाकलेल्या असतात. शहरी कारखान्यात जो दोष ठरला असता, तो येथे प्रवासाचा शिक्का आहे.

'गब्बे' या शब्दाला कच्चे, राकट, न कातरलेले असा अर्थ चिकटलेला आहे, आणि तो त्याच्या रूपाला शोभतो. शहरी गालिच्यात गाठींच्या दोन ओळींमध्ये एक किंवा दोन आडवे धागे घालतात. गब्बेत ते तीन, चार आणि कधी त्याहूनही अधिक असतात. गाठी विरळ आणि लव लांब. त्यामुळे गालिचा लवचीक आणि जाड होतो. तो विकण्यासाठी विणलेला नसे. तंबूतल्या थंड जमिनीवर अंथरायला आणि रात्री अंगाखाली घ्यायला तो हवा असे. आपल्याकडे धनगराच्या खांद्यावरचे घोंगडे जसे पांघरूण, बैठक आणि पावसातला आडोसा अशी तिन्ही कामे करते, तसेच हे घरगुती वस्त्र. बाजाराला आणि पाहुण्याला दाखवायचे बारीक विणीचे गालिचे वेगळे असत. गब्बे हा घरच्यांचा गालिचा, आणि म्हणूनच त्यावर कुणाच्या पसंतीचे बंधन नव्हते.

नकाशाविना विणकाम

शहरी इराणी गालिच्याची नक्षी आधी कागदावर उतरते. नक्काश चौकटी आखलेल्या कागदावर प्रत्येक गाठीचा रंग ठरवून देतो आणि विणकर तो नकाशा पाहून गाठी मारतो. काश्मीरमध्ये हेच काम 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीने होते; किती गाठी कोणत्या रंगाच्या मारायच्या, हे कागदाच्या पट्टीवर लिहिलेले असते. येथे कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचे.

फार्सच्या भटक्या स्त्रीपुढे असा कागद नसतो. काल पाहिलेला ओढा, कळपातली काळी शेळी, लग्नातला लाल तंबू, आजीच्या गालिच्यातली चांदणी, यांतले जे मनात येईल ते ती गाठींत उतरविते. युनेस्कोने 2010 साली फार्स येथील गालिचे विणण्याच्या परंपरागत कौशल्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा या वैशिष्ट्याची आवर्जून नोंद घेतली. आराखड्याविना विणलेले असल्याने एकच विणकर एकाच नक्षीचे दोन गालिचे विणू शकत नाही, असे ती नोंद सांगते. हे कौशल्य मुली आईकडून आणि आजीकडून शिकत.

या मोकळ्या कल्पनाशक्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे सिंहाचे गालिचे. सिंह हे फार्समधील शौर्याचे जुने प्रतीक; वीरांच्या थडग्यांवर दगडी सिंह बसविण्याची तेथे प्रथा होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इराणमधून सिंह नाहीसा झाला आणि आशियाई सिंह केवळ आपल्या गीरच्या जंगलात उरला. सिंह कधीच न पाहिलेल्या स्त्रियांनी विणलेले हे सिंह मोठे गमतीदार आहेत. कुणाचा चेहरा माणसासारखा, कुणाच्या अंगावर वाघाचे पट्टे, कुणाची शेपटी फुलांच्या फांदीसारखी. इराणचे नामवंत शिल्पकार परवीझ तनावोली यांनी असे गालिचे चिकाटीने जमविले आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. आधुनिक शिल्पकाराला या 'अडाणी' सिंहांत स्वतःच्या कामाचे नाते सापडावे, ही पुढच्या घडामोडींची नांदीच होती.

रंगांचे शास्त्र

गब्बेचे निम्मे सौंदर्य रंगात आहे. मंजिष्ठेच्या कुळातील 'रुनास' या झुडपाच्या मुळांपासून विटकरीपासून डाळिंबीपर्यंत लाल छटा मिळतात. निळा रंग निळीचा. पिवळ्यासाठी 'जाशीर' ही डोंगरी वनस्पती आणि डाळिंबाची साल, तपकिरीसाठी अक्रोडाचे हिरवे टरफल. हिरवा हवा असेल, तर निळे सूत पिवळ्यात बुडवायचे. रंग पक्का बसावा म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळतात. मेंढीच्या अंगचे पांढरे, करडे, काळे रंग तर न रंगविताच वापरतात.

एका वेळी थोडेच सूत रंगविले जाते. पुढच्या खेपेला पाणी वेगळे, मुळांचा कस वेगळा, लोकरही वेगळी. त्यामुळे एकाच लाल मैदानात फिकट-गडद पट्टे उमटतात. त्यांना 'अब्रश' म्हणतात. हे पट्टे लाल मैदानाला सांजवेळच्या आभाळासारखी खोली देतात. पाश्चात्त्य रसिकांना मोठ्या रंगफलकांच्या आधुनिक चित्रांची आठवण झाली ती यामुळेच.

ही विद्या मध्यंतरी जवळजवळ लोपली होती. 1856 साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला. 1868 मध्ये मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. बिहार-बंगालमधील निळीच्या शेतीवर तिचा काय परिणाम झाला, हे आपण इतिहासात वाचलेले आहे. स्वस्त रासायनिक रंगांच्या पुड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि इराण-तुर्कस्तानातील गालिचे भडक होऊ लागले. त्यातले काही रंग पाण्यात उतरत, काही उन्हात विटत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची प्रतिक्रिया उमटली. तुर्कस्तानात 1981 साली हॅराल्ड बोमर या जर्मन अभ्यासकाच्या पुढाकाराने 'दोबाग' हा प्रकल्प सुरू झाला. जुन्या गालिच्यांतील रंगांचे रासायनिक पृथक्करण करून, ते कोणत्या वनस्पतींचे हे शोधण्यात आले आणि ती कृती गावकऱ्यांना पुन्हा शिकविण्यात आली. फार्समध्येही याच सुमारास वनस्पतिजन्य रंगांचे पुनरुज्जीवन झाले. त्यात अब्बास सय्याही या कश्काई रंगारी-शिक्षकाचे नाव आदराने घेतले जाते.

बाजाराची नजर

1970 च्या दशकापर्यंत गालिच्यांच्या व्यापाऱ्यांच्या लेखी गब्बेला किंमत नव्हती. गाठी मोजून भाव ठरविणाऱ्या बाजारात विरळ गाठींचा, वाकड्या कडांचा गालिचा म्हणजे जाडाभरडा माल. परंतु युरोपातील संग्राहकांची नजर आधुनिक चित्रकलेने तयार झालेली होती. पॉल क्लेच्या चौकटी, रॉथकोचे रंगफलक पाहिलेल्या डोळ्यांना गब्बेत तेच काही तरी दिसले. शहरी घरेही बदलली होती. पांढऱ्या भिंती, काचेची तावदाने, सरळ रेषांचे लाकडी सामान अशा खोलीत वेलबुट्टीचा दाट गालिचा जड वाटतो. मोकळ्या मैदानाचा गब्बे मात्र शोभून दिसतो.

शिराझ येथील झोलानवारी या व्यापारी घराण्याच्या पेढीने ही संधी ओळखली. हाताने कातलेली स्थानिक लोकर, वनस्पतिजन्य रंग आणि साधी रचना या त्रिसूत्रीवर नव्या गब्बेचे उत्पादन सुरू झाले आणि पाहता पाहता युरोप, अमेरिका व जपानमध्ये त्याला मागणी आली. जाड विणीच्या गब्बेबरोबर 'कश्कुली' आणि 'लुरीबाफ्त' या बारीक विणीच्या प्रतीही बाजारात आल्या.

1996 साली मोहसेन मखमलबाफ या दिग्दर्शकाच्या 'गब्बे' या चित्रपटाने हे नाव जगभर पोहोचविले. त्या वर्षीच्या कान महोत्सवात तो दाखविण्यात आला. एक वृद्ध जोडपे ओढ्यावर गालिचा धुवायला येते आणि गालिच्यावर विणलेली तरुणी सजीव होऊन आपली प्रेमकहाणी सांगू लागते, अशी त्याची कल्पना. तंबूतल्या शाळेत मुलांना रंग शिकविणारा काका त्यात आहे. तो हात लांबवितो, तर मुठीत रानातली फुले येतात; आकाशाकडे हात नेतो, तर तळवा निळा होऊन परततो. ही भूमिका अब्बास सय्याही यांनीच केली होती.

कल्पना कोणाची, हात कोणाचे?

गब्बेच्या या यशाचा लाभ विणणाऱ्या घरांना झाला, यात शंका नाही. जे वस्त्र कवडीमोल मानले जाई, त्याला भाव आला. रंगकाम आणि कातकाम करणाऱ्यांना काम मिळाले. मात्र बाजार आला, की त्याच्या अटीही येतात.

पहिली अट मापाची. दिवाणखान्याला आठ बाय दहा फुटांचाच गालिचा हवा असतो आणि कडा सरळ हव्या असतात. दुसरी अट रंगाची. यंदा परदेशात राखाडी रंग चालतो, तर लाल नको. तिसरी आणि सर्वांत अवघड अट म्हणजे, 'तो मागच्या वेळचा गालिचा खपला, तसाच आणखी एक द्या.' जी स्त्री स्वभावतःच एकाच नक्षीचे दोन गालिचे विणत नाही, तिच्याकडे ही मागणी जाते. लोकर पेढीची, रंग पेढीचा, रचना पेढीची आणि मजुरी विणलेल्या क्षेत्रफळावर, अशी व्यवस्था झाली, की गब्बेची विणकरीण शहरी विणकराच्याच जागी येऊन बसते. कोपऱ्यातली शेळी तीच राहते. पण पूर्वी ती शेळी तिने पाहिलेली असे, आता ती नमुन्यात दिलेली असते.

सगळ्या पेढ्या असे करतात, असे नव्हे. रंग आणि माप ठरवून देऊन, आतली चित्रे विणकरणीवर सोपविणारेही आहेत. आधुनिक रचना आणि लोककला यांचा खरा मिलाफ तेथेच होतो, असे म्हटले पाहिजे. रचनाकाराचे नाव गालिच्याच्या पत्रिकेवर छापले जाते. विणणारीचे नाव मात्र क्वचितच आढळते.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. ज्या जीवनातून गब्बे जन्मला, ते जीवनच आक्रसत गेले. रेझा शाहच्या राजवटीत 1930 च्या दशकात भटक्या टोळ्यांना सक्तीने एका जागी वसविण्यात आले. 1960 च्या दशकात कुरणे सरकारच्या मालकीची झाली. आज बहुसंख्य कश्काई गावांत आणि शहरांत राहतात. मोहम्मद बहमनबेगी यांनी सुरू केलेल्या तंबूशाळांतून शिकून अनेक मुले-मुली शिक्षक, डॉक्टर झाल्या. शिकलेल्या मुलीने दिवसभर मागावर वाकून बसावे, अशी अपेक्षा कोण करील? कला टिकावी म्हणून कुणी गरीब राहावे, हा हट्ट दुरून पाहणाऱ्यांनाच परवडतो.

त्यात राजकारणाची भर पडली. अमेरिकेने 1987 साली इराणी मालावर बंदी घातली, 2000 मध्ये गालिच्यांपुरती ती उठविली, 2010 मध्ये पुन्हा घातली, 2016 च्या जानेवारीत सैल केली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लादली. 1990 च्या दशकाच्या मध्यास इराणची गालिच्यांची निर्यात दोन अब्ज डॉलरच्या घरात होती; 2018 नंतर ती दहा कोटी डॉलरच्याही खाली घसरली. एका गालिच्याला महिना-दोन महिने लागतात. धोरण त्याहून लवकर बदलू शकते.

भारतातील गब्बे

इराणी मालाची वाट अडली, की मागणी शेजारी वळते. भारताला ही कला नवी नाही. अकबराच्या काळी आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने होते, अशी नोंद अबुल फझलच्या 'आइने अकबरी'त आहे. ब्रिटिश अमदानीत तुरुंगांमध्ये गालिचे विणले जाऊ लागले. पुण्याच्या येरवडा तुरुंगातील गालिच्यांचे त्या काळी नाव होते. आग्रा तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनात आहे. कैद्यांना तेथे जुन्या इराणी नमुन्यांच्या नकला विणाव्या लागत. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचे, याचे याहून टोकाचे उदाहरण सापडणे कठीण.

आज भदोही-मिर्झापूर हा देशातील गालिच्यांचा सर्वांत मोठा पट्टा आहे. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेथे बिकानेरची राठ लोकर आणि न्यूझीलंडची मऊ लोकर यांचे मिश्रण वापरले जाते. फार्सच्या धर्तीवर विणलेले गालिचे 'इंडो-गब्बे' म्हणून विकले जातात. या पट्ट्यावर बालमजुरीचा डाग होता. तो पुसण्यासाठी कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 साली 'रगमार्क' हे चिन्ह सुरू झाले. बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यावर लावायचे हे चिन्ह 2009 पासून 'गुडवीव्ह' या नावाने ओळखले जाते.

नक्षीचा अधिकार विणकराला परत देण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग राजस्थानात झाला. नंदकिशोर चौधरी यांनी 1978 साली दोन मागांवर सुरू केलेल्या 'जयपूर रग्ज' या उद्योगाने 'मनचाहा' या नावाने असे गालिचे बाजारात आणले, की ज्यांना नकाशा नसतो. उरलेसुरले सूत आणि स्वतःचे मन एवढ्या भांडवलावर ग्रामीण स्त्रिया हवे ते विणतात. राजस्थानातील तुरुंगांमधील कैद्यांनीही असे गालिचे विणले. आग्र्याच्या तुरुंगात नकला करणाऱ्या कैद्यापासून येथवरचा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

गालिचा घेताना

'हातविणीचा' हा शब्द दुकानात सैलपणे वापरला जातो. ग्राहकाने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात.

पाठ पाहा. गाठीच्या गालिच्याची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर तो 'टफ्टेड' गालिचा. त्यात यंत्राच्या बंदुकीने कापडात लोकर घुसवून मागून डिंकासारखे रबर लावलेले असते. तो हाताने केलेला असला, तरी गाठीचा नव्हे, आणि काही वर्षांत रबर सुकून भुगा पडू लागतो.

लव दुमडून मुळाशी पाहा. गाठीच्या गालिच्यात प्रत्येक झुपक्याच्या बुडाशी ताण्याच्या धाग्यांना घातलेला वेढा दिसतो. 'हँडलूम गब्बे' या नावाच्या स्वस्त मालात लव मागावरच धाग्यांचे फास घेऊन उठविलेली असते. त्यात अशी गाठ नसते.

टोकांचे गोंडे पाहा. ते ताण्याचेच पुढे आलेले धागे असले पाहिजेत. वरून शिवलेली झालर नव्हे.

रंग तपासा. ओलसर पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासावा. रंग उतरला, तर तो कच्चा. मैदानातील फिकट-गडद पट्टे हा मात्र दोष नव्हे.

किमतीचा अंदाज घेण्यासाठी थोडे गणित करावे. चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात दर चौरस इंचाला 60 गाठी धरल्या, तर एकूण गाठी 2,07,360 होतात. कुशल विणकर दिवसाला सहा ते आठ हजार गाठी मारतो. म्हणजे केवळ विणकामाला एका माणसाचे 26 ते 35 दिवस. कातणे, रंगविणे, धुणे, कातरणे वेगळेच. अशा गालिच्याची किंमत यंत्राच्या गालिच्याएवढी सांगितली जात असेल, तर कुणाची तरी मजुरी बुडालेली आहे किंवा तो गालिचा गाठीचा नाही.

घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा हलकी झाडलोट, वर्षातून एकदा दिशा बदलणे आणि पावसाळ्यापूर्वी उन्हे दाखविणे एवढे पुरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लोकरीला कसर लागते. गालिचा गुंडाळून ठेवायचा असेल, तर कडुनिंबाचा पाला घालून कापडात ठेवावा, प्लास्टिकमध्ये नव्हे.

शेवटी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : हा कोणत्या गावात विणला, आणि नक्षी कोणी ठरविली? बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही. परंतु ग्राहक गाठी मोजतो, हे कळल्यावर बाजाराने गाठी मोजायला सुरुवात केली. तो बालमजुरीबद्दल विचारतो, हे कळल्यावर गालिच्यावर चिन्ह आले. उद्या तो विणणारीचे नाव विचारू लागला, तर तेही पत्रिकेवर येईल. फार्समधील एखाद्या स्त्रीने स्वतः पाहिलेली शेळी गालिच्याच्या कोपऱ्यात विणायची, की नमुन्यातली, हे ठरण्यात त्या प्रश्नाचाही थोडा वाटा असेल.